हाताने टाकलेलं लिनक्स

पडद्यावर ‘एलआय’ एवढी दोनच अक्षरं उमटली आणि मशीन तिथेच बसलं तर काय समजायचं, हे मला १९९९च्या सुमारास तोंडपाठ होतं. लिनक्स सुरू करून देणाऱ्या तेव्हाच्या छोट्या प्रोग्रॅमचं नाव होतं लिलो. एकेक टप्पा पार पडेल तसं तो आपल्याच नावातलं एकेक अक्षर छापायचा. नुसता ‘एल’ दिसला तर पहिला तुकडा मिळालाय, दुसरा मिळत नाही. ‘एलआय’वर अडला तर दुसरा तुकडा मेमरीत आलाय, पण चालत नाही. चारही अक्षरं आली की सुटलो. इतका सरळ बोलणारा प्रोग्रॅम मी नंतर पाहिला नाही. आताची मशीन्स एक गोल गरगर फिरवत ठेवतात आणि फार झालं तर ‘काहीतरी चुकलं’ म्हणतात.

मिरजेत आमच्यापर्यंत लिनक्स आलं ते मासिकातून. पीसीक्वेस्टच्या अंकासोबत सीडी मिळायची. फोनवरून इंटरनेट लावलं की घरातला फोन अडकायचा आणि बिल फुगायचं, त्यामुळे सहाशे-सातशे एमबी उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. सीडी घालायची आणि आधी डिस्कचे भाग पाडायचे. जुन्या बायोसची नजर डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडे पोचत नसे. म्हणून कर्नल त्या हद्दीच्या आत ठेवायचा, नाहीतर सगळं नीट टाकूनही मशीन उठायचं नाही. शिवाय एकाच डिस्कवर विंडोज एका पद्धतीने फाइली मांडणार, लिनक्स दुसऱ्या. मिरजेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुळांवरच्या गाड्या यायच्या आणि एका गाडीतला माल दुसरीत जायचा तो हमालांच्या पाठीवरून.

पुढे ग्राफिक्स. मॉनिटरच्या पुस्तिकेत आडव्या आणि उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे शोधून ते फाइलीत लिहायचे. आकडा भलताच पडला तर मॉनिटरला इजा होईल, अशी ताकीद तिथेच छापलेली असे. घरच्यांचे पैसे खर्चून आणलेला मॉनिटर, त्यामुळे एंटर दाबताना मी डोळे बारीक करून, हात लांब करून बसायचो. इतकं सगळं जमलं की कळायचं, आपल्या मशीनमधलं स्वस्तातलं मोडेम आपलं निम्मं काम विंडोजकडून करून घेतं, लिनक्समध्ये ते मुकं. म्हणजे लिनक्सची अडचण सोडवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी पुन्हा विंडोजमध्ये जायचं.

मग २००४मध्ये उबंटू आलं. मागणी नोंदवली की सीडी पोस्टाने फुकट घरपोच, टपालखर्चसुद्धा नाही. कॅनॉनिकल कंपनीने हा उद्योग २०११पर्यंत चालवला. २००६पासून तर सीडीवरूनच सगळं चालवून बघायचं, आवडलं तर तिथल्या तिथे डिस्कवर टाकायचं. रात्री जागून लिलोची अक्षरं वाचणाऱ्या काही मित्रांना हा पोरखेळ वाटला. मला हायसं वाटलं. मॉनिटरचे आकडे पाठ असण्यात काही थोरवी आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

थोरवीचा हा विषय अलीकडे भाच्याने पुन्हा काढला. तो सांगलीला विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. तिथे विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, पोरं उत्साही आहेत. भाच्याने लॅपटॉपवर आर्च लिनक्स टाकलं होतं, तेही कमांड देऊन: भाग पाडले, जोडले, मूळ पॅकेजेस ओतली, मग त्या नव्या घरात आत शिरून वेळ, भाषा, पासवर्ड लावले. मला म्हणाला, “मामा, आर्चइन्स्टॉल चालवून टाकलं तर ते काय आर्च टाकणं झालं?”

मी त्याला आर्चचाच इतिहास सांगितला. जड विनेटने २००२मध्ये आर्च सुरू केलं आणि २०१२पर्यंत ते टाकायला चांगला मेनूवाला इन्स्टॉलर होता. तो सांभाळायला माणसं उरली नाहीत म्हणून काढून टाकला आणि जागी काही छोट्या स्क्रिप्टा दिल्या. एप्रिल २०२१मध्ये आर्चइन्स्टॉल हा नवा इन्स्टॉलर सीडीच्या प्रतिमेत आला. मधली नऊ वर्षं जी गैरसोय होती, तिचीच पोरांनी परंपरा केली. भाचा जरा हिरमुसला. पण त्याने टाकलं ते समजून टाकलं होतं. कुठली ओळ कशासाठी हे विचारलं तर त्याने न अडखळता सांगितलं. त्याच्याच वर्गात यूट्यूबचा व्हिडिओ थांबवत थांबवत तीच अक्षरं टाइप करणारेही आहेत. त्यांच्यात आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्यात मला फक्त वेळेचा फरक दिसतो.

हाताने केल्याचा उपयोग मला झाला तो २०१९च्या ऑगस्टात. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, निम्मी सांगली पाण्यात. पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या दुकानदाराने मशीन आणलं. माळ्यावर ठेवलं म्हणून बुडालं नव्हतं, पण विंडोज काही केल्या उठेना, आणि उधारीचा सगळा हिशेब आत. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, कुठला भाग कशाचा ते ओळखलं आणि तो फक्त वाचण्यापुरता जोडला, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाऊ नये. हिशेब निघाला. मात्र तो पेनड्राइव्ह घातल्याबरोबर चालू होणारा लिनक्स हा सोप्या वाटेवाल्यांचाच. त्या संध्याकाळी मी लिलो आणि १०२४ सिलिंडर यांच्याशी झटत बसलो असतो तर दुकानदार उठून गेला असता.

गेल्या पावसाळ्यात सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी बोलावलं. लहानपणापासूनची ओळख. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर चौकशा वाढल्या होत्या. फोटो पाठवायचे, बिलं काढायची, आणि नातवाचा जुना लॅपटॉप विंडोजने मेटाकुटीला आलेला. चाचा सतारीच्या घोडीची जवारी काढत होते. कानशीचा एक हात मारायचा, तार चढवायची, छेडून कान लावायचा, तार उतरवायची, पुन्हा कानस. मी बाजूला बसून डेबियन टाकलं, बटणं दाबत. चाचांसाठी मुद्दाम मराठी निवडली. डेबियनमध्ये हे २००७पासूनच्या चित्रमय इन्स्टॉलरमुळे जमतं. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं धड बसत नाहीत, म्हणून त्या वाटेने गेलं की यादीतून मराठीच गायब होते. कष्टाची वाट खरी म्हणणाऱ्यांपुढे मी हे आवर्जून ठेवतो.

चाचांची ती घोडी व्हायच्या आत माझं काम आटोपलं. “अरे, एवढ्यात झालं?” त्यांनी चष्मा वर करून मेनू वाचला. पटाशीने घट्टे पडलेलं बोट टचपॅडवर दोनदा घसरलं. “हे तर तलाठ्याच्या कागदासारखं मराठी आहे. इंग्लिश कर बाबा, नातवाला तेच बरं पडतं.”

इंग्लिश करायला क्षण पुरला. प्रिंटर मात्र त्या दिवशी चालला नाही. त्याचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी जाऊन कमांड देऊन हाताने टाकावा लागला.