पहाटे न उठणारा यूपीएस

दुकानात आल्यावरही बंदच राहणाऱ्या यूपीएसचं दुखणं सापडतं. फ्यूज गेलेला असतो, मॉसफेट शॉर्ट असतात, नाहीतर बॅटरी बसलेली असते. निकाल लवकर लागतो. छळतो तो दुसरा: गिऱ्हाइकाकडे काही केल्या चालू न होणारा आणि टेबलावर ठेवून वायर जोडली की ‘टक’ करून जागा होणारा. नाशिकच्या एम. जी. रोडमागच्या गल्लीत यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारे एक काका आहेत. या दुसऱ्या जातीच्या यूपीएसला ‘यात काही नाही’ म्हणून परत पाठवणं त्यांना जमत नाही. ते पैसे न घेता तो ठेवून घेतात, आणि मग तो त्यांना झोपू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रातून असाच एक केव्हीएचा यूपीएस आला. केंद्र पहाटे उघडतं. शेतकरी किटल्या घेऊन रांगेत, फॅट आणि एसएनएफ मोजणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं, आणि यूपीएसचं बटण कितीही दाबलं तरी दिवा लागत नाही. मग कॉम्प्युटर थेट लाइनवर लावायचा, आणि लाइट झपकली की नोंद गेली. संध्याकाळच्या पाळीला मात्र तोच यूपीएस बिनतक्रार चालायचा. मोटारसायकलवर बांधून दुपारी नाशिकला आणला, तर पहिल्याच दाबात चालू.

पहिला संशय अर्थातच बॅटरीवर. मोकळ्या बॅटरीला मीटर लावायचा, 12.7 व्होल्ट वाचायचे आणि ती चांगली ठरवायची, ही पद्धत काकांना मान्य नाही. संपलेली बॅटरीही लोड नसताना बारा-साडेबारा दाखवते. ते गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा हॅलोजन बल्ब लावतात आणि व्होल्टेज कुठे जाऊन थांबतं ते बघतात. साडेदहाच्या खाली घसरली की बॅटरी गेली. या बॅटऱ्या बल्ब लावूनही ठाम राहिल्या. मॉसफेट ठीक, रिले ठीक, स्विच ठीक. सोल्डर सगळीकडे पुन्हा गरम केलेलं. कंडेन्सर मीटरवर घेतले, तर किंमत लिहिल्याप्रमाणे. यूपीएस दिवसभर टेबलावर चालला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे केंद्रात पुन्हा गप्प.

अशा वेळी हल्लीची वाट म्हणजे अख्खं कार्ड बदलणं. काकांच्या मते ही दुरुस्ती नव्हेच. बिघाड जुन्या कार्डासोबत भंगारात जातो, कारागिराच्या हाताला काही कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला जवळजवळ नव्या यूपीएसइतका भुर्दंड. आयसीवरचे नंबर घासून टाकणाऱ्या कंपन्यांवर त्यांचा राग आहे. दुसऱ्याने हात लावूच नये, एवढाच त्यामागचा हेतू त्यांना दिसतो. हलक्या बॅटऱ्या विकणाऱ्यांवर तर त्याहून जास्त. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीचं वजन दोन किलोच्या वर भरायला हवं. लेबल सातचं आणि हातात घेतली की पोकळ, असा माल राजरोस खपतो. शिसं कमी घातलेल्या बॅटरीकडून बॅकअप कुठून येणार? काका बॅटरी विकत घेताना आधी तळहातावर तोलतात, मग लेबल वाचतात.

त्यांचा खरा अभिमान मात्र कानाचा. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दुकानासमोर यूपीएस आणि इन्व्हर्टरची रांग लागायची. काका बटण दाबायचे, हाताने सगळ्यांना थांबवायचे आणि ऐकायचे. रिलेचा ठोका एक की दोन, ट्रान्सफॉर्मर घुमतो कसा, आवाज किती वेळाने तुटतो, एवढ्यावरून बिघाड कुठे असेल ते सांगायचे. मग मीटर ते खरं ठरवायचा. गिऱ्हाइकं चकित होऊन बघायची आणि त्या बघण्याची काकांना गोडी लागली. निदान बरोबर आल्यापेक्षा ते चारचौघांत, मीटर हातात न घेता बरोबर आलं याचं सुख मोठं होतं, हे ते आज उघड सांगतात.

आयटीआय झालेली एक मुलगी सध्या त्यांच्याकडे शिकायला आहे. तिने विचारलं, ‘काका, तो पहाटे बंद पडतो ना? मग आपण दुपारी का तपासतोय?’ दोघं स्कूटरवरून अंधारातच निघाले. निफाडच्या थंडीबद्दल नाशिककरांना सांगायला नको. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. केंद्रातला मेन स्विच रात्रभर बंद होता, यूपीएस गार पडलेला. स्विच टाकून काकांनी कान लावला. शांत.

‘टिकटिक येतेय. बारीक आहे, पण येतेय,’ मुलगी म्हणाली.

काकांना काहीच ऐकू येत नव्हतं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. त्यांनी झाकण उघडलं आणि काट्याचा जुना मोटवाने मीटर लावला. काटा 10 आणि 16 व्होल्टच्या मध्ये वर-खाली झुलत होता.

धंद्यातल्या माणसाला एवढ्यावर सगळं कळतं. या मॉडेलमध्ये बटणाच्या सर्किटला लागणारा सप्लाय एका छोट्या एसएमपीएसमधून येतो आणि त्यात यूसी 3842 हा सगळ्यांच्या ओळखीचा आयसी आहे. तो 16 व्होल्टला सुरू होतो, 10 च्या खाली गेला की थांबतो. सव्वातीनशे व्होल्ट डीसीवरून एका मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून थोडा थोडा करंट येतो आणि 47 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर भरतो. आयसी सुरू झाला की ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग त्याला पोसू लागेपर्यंत या कंडेन्सरने त्याला तगवायचं. हापशाने पाणी धरावं म्हणून वरून तांब्याभर पाणी ओततात, तेवढंच त्याचं काम. कंडेन्सर आतून सुकत आला होता. गारठ्यात त्याचा आतला रोध आणखी वाढायचा, आयसी सुरू होताच व्होल्टेज कोसळायचं आणि तो थांबायचा. पुन्हा भरायचा, पुन्हा कोसळायचं. तीच टिकटिक. दुकानातल्या मीटरने क्षमता सांगितली होती, रोध नव्हे, आणि तीही दुपारच्या उबेत.

गरम सोल्डरिंग आयर्न कंडेन्सरजवळ थोडा वेळ धरली आणि रिलेचा ठोका पडला. तो मात्र काकांनाही ऐकू आला.

कंडेन्सर एका तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसवलेला होता. दहा अंश जास्त गरम राहिला की त्याचं आयुष्य निम्मं होतं. या साध्या गोष्टीकडे कार्ड आखणाऱ्याने लक्ष दिलेलं नव्हतं. काकांनी 85 अंशांचा काढून 105 अंशांचा लावला, पाय लांब ठेवून रेझिस्टरपासून दूर झुकवला. थंडी सरेपर्यंत केंद्रातून पुन्हा तक्रार आली नाही.

बिघाड सापडल्याचा आनंद झाला, पण आवाज आपल्याला आला नाही हे त्यांना फार लागलं. पोरीचं कौतुक त्यांनी तिथे, दूधवाल्यांसमोर केलं नाही. आता दुकानात ऐकायचं काम तिचं. गिऱ्हाइकासमोर ‘जरा ऐक गं’ म्हणताना त्यांना अजून जड जातं.

पावतीपुस्तकात ‘बिघाड’च्या शेजारी त्यांनी ‘किती वाजता’ असा नवा रकाना आखून घेतला आहे. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. वाचकांकडे यूपीएस असेल तर त्यांनी तसं करू नये. सकाळी चालू झाला नाही की संध्याकाळी, रात्रभर बंद ठेवल्यावर की मध्येच लाइट गेल्यावर, शेजारची मोटर चालू असताना की नसताना, एवढं एका कागदावर लिहून तो कागद यूपीएसला चिकटवून आणावा, आणि एक रात्र तरी तो दुकानात ठेवावा.