मुखपृष्ठाने किती बोलावे

वर्डप्रेसवर साइट उभी करताना सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचे एक पान लागते. तिथे पहिलाच प्रश्न असतो : मुखपृष्ठावर ताजे लेख दाखवायचे की एक ठरावीक पान? बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात आणि मग ताजे १० लेख, अनेक थीममध्ये अथपासून इतिपर्यंत, एकाखाली एक येऊन बसतात. वाशीत मी छोट्या व्यावसायिकांच्या आणि लिहित्या माणसांच्या साइट बांधते. रंग आणि लोगो यांवर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होते. तो सगळा वेळ या एका प्रश्नाला द्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

पूर्ण लेख मुखपृष्ठावरही असतो आणि स्वतःच्या पानावरही. एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला की सर्च इंजिन त्यातला एक निवडते. बाहेरच्या लोकांनी सहसा मुखपृष्ठाचीच लिंक दिलेली असते, त्यामुळे पुष्कळदा त्याचेच पारडे जड ठरते. पुढच्या आठवड्यात अकरावा लेख येतो, जुना मागच्या पानावर सरकतो, आणि शोधातून आलेला वाचक मुखपृष्ठावर येऊन हवे ते न मिळताच निघून जातो. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून कॅनॉनिकल टॅग आणला. एकसारख्या पानांतले मूळ कोणते, हे त्याने सांगता येते. पण १० लेखांच्या गाठोड्याचे मूळ म्हणून कोणते एक पान दाखवणार?

दुसरी गोष्ट वजनाची. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८मध्ये स्टॅनफर्डमधून मांडलेली पेजरँकची कल्पना आजही समजून घेण्यासारखी आहे. पानाला वजन मिळते ते त्याच्याकडे येणाऱ्या लिंकमधून, आणि ते वजन पुढे त्या पानावरच्या लिंकमधून झिरपते. गूगल आता इतरही असंख्य गोष्टी पाहते, पण साइटमधले सर्वांत वजनदार पान बहुधा मुखपृष्ठच असते. मग ते आपले वजन कुणाला देते? फक्त ताज्या १० लेखांना देत असेल, तर दोन वर्षांपूर्वीचा सर्वांत कसदार लेख ‘जुने लेख’ या बटणामागे, कित्येक क्लिक खोल, उपाशी राहतो.

बेलापूरजवळच्या गावातल्या एक ताई आगरी-कोळी स्वयंपाकावर लिहितात. जिताडा, चिंबोऱ्या, तांदळाची भाकरी, सुका जवळा. त्यांचा पोपटीवरचा लेख मला फार आवडतो : मडक्यात भांबुर्डीचा पाला कसा रचायचा, वालाच्या शेंगा कुठल्या थरात, मडके उलटे का ठेवायचे, सगळे बारकाईने. लेख भर थंडीत लिहिलेला. वर्षभर नवे लेख येत गेले आणि पुढच्या हिवाळ्यात, लोक पोपटी शोधू लागले नेमके तेव्हा, तो साइटच्या तळाशी होता.

आम्ही ठरावीक पान निवडले. वर चार ओळी : कोण लिहिते, कुठून, कशाबद्दल. खाली खाडीची मासळी, सुकी मासळी, भाकऱ्या असे विभाग आणि प्रत्येकात निवडक लेखांची नावे. ताईंना ते पटेना. “अगं, ताजं वर नको का? लोकांना वाटेल मी लिहायचंच सोडलं.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. म्हणून नव्या लेखांची नावे एकेका ओळीच्या ओळखीसह एका पट्टीत ठेवली. शिवाय हंगामाची एक जागा राखली. डिसेंबरात तिथे पोपटी येते. जून-जुलैत, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा, सुक्या मासळीचे लेख. रोज घडामोडी टिपणाऱ्याने मात्र ताजे लेखच पुढे ठेवावेत. फक्त पूर्ण मजकूर नको, सारांश पुरे.

मराठीत आणखी एक पेच आहे. ताईंच्या जुन्या मुखपृष्ठावर सुंदर सुलेखन होते, पण ते चित्रात. पानाच्या शीर्षकात नुसते ‘होम’. साइट आगरी जेवणाची आहे हे सांगणारा एकही खरा मराठी शब्द तिथे नव्हता. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आपल्या कितीतरी साइटींचे हेच झाले : पडद्यावर देवनागरी, आत यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा गोंधळ. ते सारे लेखन शोधाच्या जगात नसल्यासारखेच होते, याचे मला आजही वाईट वाटते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. ते वापरायचे सोडून आजही कुणी पाककृती चित्र करून टाकते, तेव्हा मी हट्टाने ती टाइप करून घेते.

लेखाचा पत्ता मात्र मी रोमनमध्ये ठेवते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात ९ खुणांचे होते. ‘पोपटी’ एवढा शब्द ४५ खुणांचा. व्हॉट्सॲपवर तो पाठवला की पुष्कळदा समोरच्याला नुसती टक्के-चिन्हांची माळ दिसते. लोक ‘पोपटी’ रोमन लिपीतही शोधतात, तीही सोय होते.

नवी मुंबईत राहिल्याने मला एक गोष्ट सोपी झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५च्या सुमारास खाडीपलीकडे शहर सुचवले आणि ते वसवण्यासाठी १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. आराखडा अनेक नोडचा. वाशी, नेरुळ, बेलापूर, प्रत्येकाचा आपला बाजार, आपल्या शाळा. साऱ्यांनी एका फोर्टाकडे धावायचे नाही. साइटही तशी रचावी. शोधातून येणारा वाचक थेट आतल्या लेखावर उतरतो. त्या लेखात लेखिकेची ओळख हवी, पुढच्या लेखाची वाट हवी. मुखपृष्ठाकडे रस्ते नीट ठेवण्याचे काम उरते.

ते हलकेही हवे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा चांगल्या पानाचा निकष. माशांच्या मोठमोठ्या फोटोंसकट १० लेख ओतलेले पान हार्बर लोकलमध्ये एका हाताने मोबाइल धरलेल्या माणसाला तेवढ्यात कसे दिसणार?

पहिल्या क्रमांकाची हमी विकणारे पुष्कळ भेटतात. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवले आहे. मीही ताईंना दिली नाही. यंदा पावसाआधी जवळा, बोंबील आणि वाकट्या यांच्या लेखांना जोडणारे सुक्या मासळीचे एक मोठे पान आम्ही करतो आहोत. मासळी कशी निवडावी, डब्यात कशी भरावी, हे ताई त्यात नव्याने लिहीत आहेत. त्याची लिंक मुखपृष्ठावर कुठे द्यायची, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.