वाघनखांची वार्ता

तुळजापुरात भवानीमातेबरोबरच शिवरायांचे नावही घरोघरी आहे. देवीने महाराजांना तलवार दिली, ही कथा तेथील मुले लहानपणापासून ऐकत येतात. अफजलखानाने प्रतापगडाकडे येताना तुळजापूरच्या देवस्थानास उपद्रव दिला, असे सभासदाची बखर सांगते. तेव्हा जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्यास आली, ही वार्ता त्या गावाला घरचीच वाटली असल्यास नवल नाही.

अशी वार्ता आली की लोकांचे दोन पक्ष पडतात. "महाराजांचीच ती!" असे एक म्हणतो. "छे, सारे बनावट! खरी वस्तू इंग्रज कशास परत पाठवील?" असे दुसरा म्हणतो. दोघेही चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होतात. त्या वाघनखांच्या पेटीवर काय लिहिले आहे, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

खरी मौज त्या पेटीवरच आहे. शिवाजीने याच शस्त्राने मोगल सेनापतीस मारले आणि साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ते पेशव्यांच्या प्रधानाने दिले, असा तिच्यावर इंग्रजी मजकूर आहे. पण अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार! मजकूर लिहिणाऱ्यास इतिहास नीट ठाऊक नव्हता, हे उघड आहे. म्हणून शस्त्र बनावट ठरते काय? मुळीच नाही. बनावट वस्तू फसविण्याच्या हेतूने घडविलेली असते. चुकीची चिठ्ठी तर अस्सल वस्तूवरही लागू शकते.

अडचण निराळीच आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला, यात शंका नाही. वाघनखांचा उल्लेखही बखरीत आहे. परंतु वाघनखे काही एकच नव्हती. ग्रँट डफ साताऱ्यास आले १८१८ साली. मधली एकशे एकोणसाठ वर्षे हे शस्त्र कोणाच्या जामदारखान्यात होते? ते सांगणारा कागद पुढे आलेला नाही. महाराजांनी वापरलेले शस्त्र हेच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच प्रांजळपणे नमूद केले आहे. दोन्ही पक्षांना हे उत्तर रुचत नाही. एकास ते अपमान वाटते, दुसऱ्यास पळवाट.

उद्या एखाद्या जुन्या यादीत या शस्त्राची नोंद सापडलीच, तर ती बहुधा मोडी लिपीत असेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे असंख्य रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ते वाचू शकणारी माणसे मात्र थोडी आहेत.