चिठ्ठी रुग्णाच्या हातात, अर्थ डॉक्टरकडे

ज्याच्या शरीराबद्दल सगळं लिहिलेलं असतं त्यालाच ते कळत नाही, आणि याचं कुणाला काही वाटतही नाही, हे मला फार खटकतं. सर्पदंशाचंच घ्या. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळ गावात रात्रीच्या लाइटीवर कांद्याला पाणी धरताना घोणस चावली, तर माणसाला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नारायणगावला नेतात. गुंतागुंत वाढली की पुण्याला. सोबतची चिठ्ठी इंग्रजीत. तिच्यात ‘ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट’ असं भारदस्त काहीतरी असतं. प्रकार एवढाच, की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विषाने त्याची गोठण्याची ताकद घालवली आहे. पुढचा शब्द क्रिएटिनिन. मूत्रपिंडं रक्तातली घाण नीट काढतात की नाही, ते या आकड्यावरून कळतं. घोणशीचं विष मूत्रपिंडांना इजा करू शकतं, म्हणून पायाची सूज उतरली तरी हा आकडा पुन्हा तपासावा लागतो. हे कुणी सांगितलंच नाही, तर घरी आलेला माणूस पाय ठणकतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेणार, आणि ती गोळी त्याच दुखावलेल्या मूत्रपिंडांना बाधणार. यात त्याचा काय दोष?

विष चढत असताना शिकवणी घ्यायची का, असं डॉक्टर विचारतील. मुळीच नाही, तेव्हा उपचारच व्हावेत. पण घरी सोडताना दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागतो? अर्धवट माहितीवर नातेवाईक हुज्जत घालतात, हा दुसरा आक्षेप. तो खोटा नाही. मात्र डॉक्टर बोलले नाहीत म्हणून नातेवाईक गप्प बसत नाहीत, मोबाइल उघडतात, आणि अर्धवट माहिती मिळते ती तिथेच. शिवाय रुग्णाला विचार करून ठरवता येईल इतकी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच सांगितलं आहे. न कळणाऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला मग काय म्हणायचं?

यावर सगळं मराठीत आणा, असा उपाय सुचवला जातो. भाषा संचालनालयाने शारीर परिभाषा कोश काढलेला आहे; अभ्यासाला तो हवाच. पण रुग्णाला पर्यायी नावाची गरज नसते. कुठला अवयव, त्याचं काम काय, काय बिघडलं आणि आता काय टाळायचं, एवढं कळलं की क्रिएटिनिन हा शब्द इंग्रजी राहिला तरी चालेल. आता हे सांगायचं कुणी? बाहेर रांग लागलेली असताना एकट्या डॉक्टरने रोज प्रत्येकाला समजावावं, हे म्हणायला सोपं आहे. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणंही मला पटत नाही. तरी घरी सोडतानाच्या कार्डावर मराठीत चार ओळी लिहायला कुणाची परवानगी लागते, हे मला अजून समजलेलं नाही.