निळ्या पत्र्यांच्या गावी

मुरूडहून आगरदांड्याला यावे, गाडीसकट फेरीबोटीत बसावे आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरावे. बोटीतून लांबवर जंजिरा दिसतो. पुढे बोर्लीपंचतनवरून दिवेआगर, आणि तिथून आरवी, कोंडिवली, शेखाडी करत श्रीवर्धन. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर. कोकणातला इतका देखणा रस्ता क्वचितच सापडेल!

या वाटेवरची गावे पूर्वी लाल दिसायची. नारळी-पोफळीच्या हिरव्या गर्दीतून मंगळुरी कौलांची छपरे डोकवायची. आता तिथे निळे, हिरवे आणि चंदेरी पत्रे चमकतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या, कौले पाचोळ्यासारखी उडाली. पावसाळा अगदी तोंडावर होता. कौले केव्हा आणायची आणि केव्हा चढवायची? ज्यांना जमले त्यांनी पत्रा घातला. पत्रा लवकर बसतो, दरवर्षी शाकारावा लागत नाही, माकडांनी फोडायची भीती नाही. बायकांनाही हायसे वाटले.

पण पहिला उन्हाळा आला आणि पत्र्याने आपला गुण दाखवला. या वाटेवरच्याच एका गावी माझ्या नणंदेचे सासर आहे. तिथे गेले, तर वन्सं पदराने वारा घेत म्हणाल्या, “वहिनी, दुपारी माजघरात बसवत नाही हो. माळ्यावर तर हात पोळतो. सासूबाईंना रात्रभर झोप नाही. पोरं म्हणतात एसी लावा. पण बिल कोण भरणार?” दुसरे दुखणे आणखी वेगळे. थंडीत पहाटे माळ्यावर थेंब पडतात, आमसुलांना बुरशी येते. पत्रेवाला दोनदा येऊन स्क्रू आवळून गेला, पण ‘गळती’ काही थांबली नाही.

कौल श्वास घेतं, पत्रा घेत नाही

खरे उत्तर गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी दिले. “वहिनी, कौलाकौलात फट असते. तापलेली हवा तिथून निघून जायची. पत्रा म्हणजे घट्ट झाकण. वर झाकण, आणि वळचणीच्या फटी सिमेंटने लिंपलेल्या. हवेनं जायचं कुठून?”

मैत्रिणींनो, किती साधी गोष्ट आहे! भर उन्हात पत्रा ६० अंशांच्याही वर तापू शकतो. त्याच्या खालची हवा तापून आढ्याशी जमते, आणि वाट नसली की तिथेच कोंडून खालच्या खोल्यांवर ऊब धरते. रात्री उलटे होते. मोकळ्या आभाळाखाली पत्रा भराभर थंड पडतो. स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघरातला दमटपणा वर चढतो, गार पत्र्याला लागतो आणि त्याचे पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसेच. म्हणजे वन्संचे छप्पर गळत नव्हते, घामेजत होते! स्क्रू आवळून ते थांबणार कसे?

खाली एक वाट, वर एक वाट

यावर उपाय म्हणजे माळ्याला वारा देणे. गार हवा आत यायला खाली वळचणीशी वाट हवी, गरम हवा बाहेर जायला वर आढ्याजवळ. एकच वाट ठेवली तर काम अर्धेच होते. छपरावर गरगर फिरणारा पंखा बसवतात, त्यालाही खालून हवा मिळाली तरच उपयोग.

किती जागा सोडावी? माळ्याच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग, असा बांधकामातला एक ठोकताळा आहे. माळा ३० फूट लांब, २० फूट रुंद असेल तर ६०० चौरस फूट. म्हणजे मोकळी वाट ४ चौरस फूट, निम्मी खाली, निम्मी वर. जाळी आणि झडपांच्या पट्ट्या वारा अडवतात, म्हणून भोक साधारण दुप्पट मोठे ठेवावे. हे वाटते तेवढे मोठे काम नाही. एका वळचणीला ३० फूट लांब आणि १ इंच रुंद फट राहिली, तरी अडीच चौरस फूट होतात. दोन्ही वळचणींचे मिळून पाच. आणि वर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत दीड-दीड फुटांचा एकेक झरोका.

वन्संचा जीव मात्र खालीवर होत होता. “एकदा छप्पर उडालेलं पाहिलंय मी. आता पुन्हा घराला भोकं पाडायची?” ही भीती खोटी नाही. वादळात आत घुसलेला वारा छपराला खालून उचलतो. म्हणून सुतारकाकांनी पत्र्याला हातच लावला नाही. झरोके भिंतीत काढले, बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या दिल्या, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. आतून बिजागरीची फळी लावली. वादळाचा इशारा आला की बंद. वळचणीच्या फटीला बारीक, न गंजणारी जाळी. वटवाघळे, उंदीर, गांधीलमाश्या बाहेरच राहतात.

काम झाल्यावर उदबत्ती पेटवून वळचणीच्या फटीशी धरली. धूर आत वळला आणि सावकाश झरोक्याकडे निघाला. सासूबाई खालून म्हणाल्या, “आता कसं घर वाटतंय!”

एवढे लक्षात ठेवा

वारा दिला म्हणून पत्र्याचे कौल होत नाही. तापलेल्या पत्र्याची झळ थोडी येतेच. त्यासाठी माळ्याला फळ्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे छत असावे, आणि नवा पत्रा घेताना गडद निळ्यापेक्षा पांढरा किंवा फिकट रंग निवडावा. स्वयंपाकघरातल्या पंख्याचे तोंड माळ्यात कधीही सोडू नये, थेट बाहेर काढावे. आमसुले, पापड, सांडगे पत्र्याखाली उघडे न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. महिन्यातून एकदा जाळीवरची जळमटे झाडावी. जाळी बुजली की झरोका असून नसल्यासारखा.

आणि घरावर पत्रा चढायचा असेल, तर पैसे मोजण्याआधी पत्रेवाल्याला एवढेच विचारा: “वारा कुठून येणार आणि कुठून जाणार?” त्याला दोन्ही जागा बोटाने दाखवता आल्या, तरच काम सुरू करू द्या.