फत्तेलाल म्हणजे कोण?

सिनेमाचे वेड घरात शिरू नये, हा आमच्या आजोबांचा दंडक. तरी १९३६ साली गिरगावात सेंट्रल टॉकीजला ‘संत तुकाराम’ लागला, तेव्हा दहा वर्षांच्या अब्बांचे बोट धरून ते स्वतः ठाकूरद्वारहून चालत गेले. तो बोलपट तिथे वर्षाहून अधिक चालला. अब्बा सांगत, जिजाई चप्पल घेऊन विठोबावर धावून जाते तेव्हा सगळे थिएटर हसत होते आणि आजोबा डोळे पुसत होते. आमच्या दादीनेही तशीच अर्धपोटी पोरे वाढवली होती.

पुढे अब्बांनी ठाकूरद्वारलाच पुस्तकबांधणीचे छोटे दुकान टाकले. मी सहावीत असताना वर्गात तुकारामाचा अभंग तोंडपाठ म्हटला. मास्तर खूश होऊन म्हणाले, ‘‘तुमच्यातला असून काय स्वच्छ मराठी!’’ कोणी हसले नाही. सगळ्यांना ते कौतुकच वाटले. मलाही.

दुकानात जाऊन मी ही बढाई अब्बांना ऐकवली. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘तुकाराम सिनेमा कोणी काढला?’’

‘‘दामले-फत्तेलालांनी.’’

‘‘फत्तेलाल म्हणजे कोण?’’

‘‘मारवाडी असतील.’’

‘‘शेख फत्तेलाल,’’ अब्बा म्हणाले. ‘‘उद्या मास्तरांना सांग.’’

मी सांगितले नाही. हिंमत झाली नाही. पण तेव्हापासून हा माणूस मी शोधत राहिलो.

जन्म १८८६, कागल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. विष्णुपंत दामल्यांशी जोडी तिथेच जमली, इतकी की एकाचे नाव दुसऱ्यावाचून घेतले जाईना. १९२९ साली शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर या दोघांनी प्रभात काढली. १९३३ साली ती पुण्याला आली. दामल्यांकडे ध्वनी, फत्तेलालांकडे कला. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. ‘तुकाराम’मधले देहू, ती घरे, ती चूल त्यांच्या नजरेतून आली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मग ‘गोपालकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’. १९४५ साली दामले गेले आणि जोडी तुटली. १९५५ साली फत्तेलालांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ केला. १९६४ साली ते गेले. म्हणजे मास्तरांनी मला शाबासकी दिली, तेव्हा त्यांना जाऊन दोन-तीन वर्षेच झाली होती.

अशा माणसाविषयी ‘धर्माच्या पलीकडे गेलेला कलावंत’ असे लिहायची आपल्याकडे रीत आहे. आपणही टाळ्या वाजवतो. मला ते खटकते. कागलचा माणूस तुकाराम करतो, यात पलीकडे जाण्यासारखे काय आहे? ज्या भाषेत आई हाक मारते, त्याच भाषेतला तो बुवा. मास्तरांच्या शाबासकीत आणि या कौतुकात मला फारसा फरक दिसत नाही.

गेल्या वर्षी नातवाला मोबाइलवर ‘संत तुकाराम’ दाखवला. जिजाईवर तो पोट धरून हसला. मी विचारले, ‘‘हा सिनेमा काढणारे फत्तेलाल म्हणजे कोण?’’

‘‘थांबा दादा, शोधतो,’’ म्हणत त्याने बोट फिरवायला घेतले.

मी मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला आणि कागलपासून सांगायला लागलो.