राजाचा शेजारी

ऑस्लो

प्रिय कुंदा,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस गं. संध्याकाळी निवांत लिहू म्हणते, तर इथे उन्हाळ्यात संध्याकाळच होत नाही!

नोबेलवाले योन फोसे राहतात ते ‘ग्रोटेन’ पाहिलं, म्हणजे बाहेरूनच. राजवाड्याच्या बागेच्या कडेला आहे. एखाद्या मोठ्या कलावंताला ते घर तहहयात राहायला देतात. पण मी अडकले ती फोसेंच्या आधीच्या बिऱ्हाडकरूपाशी. आर्ने नॉर्डहाइम, संगीतकार. १९८२ ते २०१०, शेवटपर्यंत इथेच. अंत्यसंस्कारही सरकारी इतमामात झाले.

आणि संगीत कसलं म्हणशील, तर गुणगुणता येईल असं फारसं काही नाही! लार्विकचा हा मुलगा (जन्म १९३१चा) ऑस्लोत ऑर्गन शिकायला आला, पुढे वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहू लागला. ओढ मात्र यंत्रातून आवाज घडवण्याची. नॉर्वेत तशी सोय नव्हती, म्हणून साठच्या दशकात त्याने वॉर्साची वाट धरली. तिथे पोलिश रेडिओचा प्रयोगशील स्टुडिओ होता आणि रुद्निक नावाचा कसबी तंत्रज्ञ. टेप कापायची, जोडायची, उलटी फिरवायची, असा सगळा हातांचा उद्योग. १९७०च्या ओसाका प्रदर्शनासाठी त्याने वेगवेगळ्या लांबीची टेपची सहा वेटोळी एकदम फिरत ठेवली. वेगवेगळ्या मात्रांचे सहा ताल एकत्र सुरू केले, तर सगळ्यांची सम पुन्हा एका जागी कधी यायची? इथे ती शंभराहून जास्त वर्षांनी येणार होती. ऐकायला कोण थांबतंय!

सिनेमांनाही त्याने संगीत दिलं. त्यातला ‘वन डे इन द लाइफ ऑफ इवान डेनिसोविच’ तू जरूर बघ. सोल्झेनित्सिनची तीच कादंबरी, सोव्हिएत छळछावणीतला एक दिवस. रशियात चित्रीकरण अशक्यच, म्हणून छावणी उभारली नॉर्वेच्या र्‍योरोसला, तांब्याच्या खाणींच्या गोठलेल्या गावी. कॅमेरा स्वेन निक्विस्टचा. (आपल्या शशी कपूरचा ‘सिद्धार्थ’ टिपला तोच हा.) मला गंमत वाटते ती वेगळीच. कम्युनिस्ट पोलंडच्या सरकारी रेडिओत रमलेला हा माणूस त्याच सुमारास स्टालिनच्या कैद्यांच्या सिनेमाला संगीत देत होता. वॉर्सात कुणी हटकलं नाही वाटतं! आणि लोकशाही फिनलंडने मात्र शेजारच्या रशियाला दुखवायला नको म्हणून त्या सिनेमावर बंदी घातली.

येत्या रविवारी आम्ही शेबर्गजवळ स्टोरेदालला जाणार आहोत. तिथे हाउकेलान या शिल्पकाराने अंध लोकांसाठी घडवलेलं एक शिल्प आहे, त्यातले आवाज नॉर्डहाइमचे. प्रकाश कमीजास्त होईल तसे ते बदलतात. जावई म्हणतो, रविवारी पाऊस आहे. असू दे, ढगाळलेलं कसं ऐकू येतं तेही कळेल.

तुझ्या गुडघ्याचं काय ते लगेच कळव. टाळू नकोस.

तुझी,
सुमन